रिकाम्या चौकटीसमोर

हाताशी पंधरा-वीस मिनिटं निवांत असतील तरच पुढे वाचा. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा, परत मागे जावंसं वाटलं तर जा. मननाला बसताना डोळे मिटायला सांगतात. आज मात्र ते उघडेच ठेवायचे आहेत.

एक खोली डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या एका बऱ्यापैकी घरातली झोपायची खोली. तिपाईवर व्हिडिओ कॅमेरा लावलाय आणि लावणारा स्वतः पलंगावर जाऊन झोपलाय. चित्रात उजवीकडे पलंग, त्यावर जोडपं. डावीकडे दार, सताड उघडं. दारापलीकडे बोळ, बोळात अंधार. सगळ्यावर एक निळसर छटा. खालच्या कोपऱ्यात वेळेचे आकडे भराभर पळताहेत, कारण आपल्याला रात्र पुढे ढकलून दाखवली जातेय. झोपलेली माणसं कूस बदलतात तीसुद्धा झटका बसल्यासारखी.

आणि मग आकडे एकदम संथ होतात. सेकंदाला एक सेकंद.

इथे थांबा. पडद्यावर अजून काहीही घडलेलं नाही. तुमची नजर कुठे गेली, एवढंच पाहा. बहुधा दाराकडे. तिथे काही दिसेना म्हणून बोळाच्या अंधाराकडे. मग पांघरुणाबाहेर आलेल्या पायाकडे. पुन्हा दाराकडे. आता कानांकडे लक्ष द्या. खोलीत एक हलकी, खोल घरघर सुरू आहे, फ्रिजची असावी तशी, आणि ती नक्की कधी सुरू झाली हे सांगता येत नाही. दार थोडंसं हलतं. वीतभर पुढे येतं, परत मागे जातं. झालं. एवढंच.

हा 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी'. ओरेन पेली या माणसाने तो सॅन दिएगोच्या आपल्या राहत्या घरात, आठवडाभरात चित्रित केला. खर्च सुमारे 15 हजार डॉलर. 2007 मध्ये तो एका महोत्सवात दाखवला गेला, 2009 मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला आणि जगभरात त्याने 19 कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. पैशाचा हिशेब सिनेमावाल्यांनी करावा. आपण त्या दाराशीच थोडा वेळ बसू, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नव्या यंत्रांनी भयपटाचं काय केलं, ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

जुन्या भयपटात बघण्याचं काम कॅमेरा आपल्या वतीने करायचा. रामसे बंधूंचा 1984 चा 'पुराना मंदिर' आठवा, किंवा त्या घराण्यातला दुसरा कुठलाही. जंगलात धूर सोडलेला, झाडांमागून निळे-हिरवे दिवे, कारण त्या काळच्या फिल्मला रात्र टिपायलासुद्धा भरपूर उजेड लागायचा. कुठे बघायचं याची चिंता प्रेक्षकाला नव्हती. वेळ आली की झूम लेन्स झपकन त्या विद्रूप चेहऱ्यावर जाई, संगीत दणाणे, आणि थिएटरात कुणीतरी शिट्टी मारे. आपण दचकायचो, हसायचो, समोसा पुढे खायचो. घाबरवणाऱ्याने जिथे बोट दाखवलं तिथे आपण बघत होतो, आणि त्या बोटाचा एक आधारही होता.

तिपाईवरच्या कॅमेऱ्याला बोट नाही. त्याला महत्त्वाचं काय, बिनमहत्त्वाचं काय, हे कळत नाही. सोसायटीच्या जिन्यातला सीसीटीव्ही, लॅपटॉपच्या वरच्या कडेतलं भोक, दाराच्या बेलमध्ये बसवलेला डोळा, यांपैकी कुणालाच ते कळत नाही. ते नुसते बघत असतात. मग चौकटीत काय शोधायचं ते काम आपसूक आपल्या गळ्यात पडतं. प्रेक्षकाचा पहारेकरी होतो. आणि पहारेकऱ्याला कशाने भीती वाटते ते कुठल्याही रखवालदाराला विचारा. समोर चोर उभा राहिला तर एकवेळ तो काठी उगारेल. त्याला छळते ती रिकामी रात्र.

आता जरा पुढे जाऊ. 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' मालिकेतला तिसरा भाग 2011 चा, गोष्ट 1988 सालची. घरात काहीतरी आहे अशी शंका आलेला एक माणूस स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली या दोन्हींवर एकाच कॅमेऱ्याने नजर ठेवायची म्हणून मान फिरवणाऱ्या टेबलफॅनचं डोकं काढतो आणि त्या जागी कॅमेरा बसवतो. बस्स. तो कॅमेरा फॅनच्या गतीने डावीकडे जातो, थांबतो, उजवीकडे येतो, थांबतो. एका दृश्यात मुलांना सांभाळायला आलेली मुलगी टेबलाशी पाठमोरी बसून अभ्यास करतेय. कॅमेरा तिच्यावरून सरकून दुसऱ्या खोलीत जातो. तिथे कुणीतरी चादर पांघरून उभं आहे. पोरं खेळताना घेतात तशी चादर. कॅमेरा परत फिरतो, तेव्हा ती आकृती मुलीच्या अगदी पाठीशी.

टेबलफॅनची मान फिरायची वाट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. उन्हाळ्याच्या दुपारी घरातली चार माणसं रांगेत आडवी, आणि वारा आपल्यावरून पुढे गेला की परत येईपर्यंतचे ते तीन-चार सेकंद. त्या सेकंदांवर आपला काही ताबा नसतो. तेच सेकंद इथे भीतीला दिले आहेत. फॅनला घाई करता येत नाही. 'अरे, तिकडे बघ, तिकडे!' असं आपण मनातल्या मनात ओरडतो आणि यंत्र आपल्या गतीने, कुणाचीही पर्वा न करता, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवत राहतं. सगळ्या मालिकेत मला सर्वांत हुशार वाटलेली युक्ती हीच. (चौथ्या भागात त्यांनी व्हिडिओ गेमच्या सेन्सरचे हिरवे ठिपके अख्ख्या खोलीभर पसरवून दाखवले. बघायला ते छान आहे, पण फॅनची सर त्याला नाही.)

पुन्हा थांबू. आत्ता वाचता वाचता तुमचा श्वास कसा चालला आहे ते पाहा. खांदे थोडे वर आले असतील तर खाली सोडा. भयपटाविषयी बोलताना हे सांगणं विचित्र वाटेल, पण ध्यानाला बसलेला माणूस आणि त्या दाराकडे बघणारा प्रेक्षक, दोघांची बैठक सारखीच आहे. दोघांनी लक्ष एका जागी धरलंय. दोघांना बारीकसा आवाजही मोठा वाटतो. एक जण शांत होतो आणि दुसऱ्याचे तळवे घामाने भिजतात, हा फरक आहेच. पण आज दिवसभरात किती वेळ तुम्ही एखाद्या गोष्टीकडे इतकं रोखून, दुसरं काही न करता बघितलंत? प्रामाणिक उत्तर मनातच द्या.

हे लक्ष वेधून घेणं यंत्रांनी आणलं असं मात्र म्हणवत नाही. 1942 साली 'कॅट पीपल' नावाच्या, बेताच्या पैशात काढलेल्या हॉलिवुडपटात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललेली असते. मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज, आणि ही दुसरी बाई जनावराचं रूप घेते अशी शंका. मग तो आवाज बंद होतो. पाठलाग थांबला की पाठलाग करणारीचे पायच आता टाचांचे राहिले नाहीत? बराच वेळ नुसती शांतता, दिव्याचे खांब, भिंतीवरच्या सावल्या. आणि मग चौकटीच्या कडेने फिसकारत एक बस येऊन थांबते. निव्वळ बस. दिग्दर्शक जाक तुर्नर यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकायला आणि वाट बघायला लावलं. नव्या काळात फरक पडला तो असा, की वाट बघायला लावणारं यंत्र आता पडद्याच्या आत आलं. आणि तेच यंत्र आपल्या खिशातही आहे.

इथून थोडं जपानकडे वळू. 1998 चा 'रिंगू'. एक व्हिडिओ कॅसेट, ती बघितली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी मरण. शेवटी विहिरीतून वर आलेली सादाको चालत चालत दूरदर्शन संचाच्या काचेतून बाहेर खोलीत येते. तिची ती अडखळती, हाडं चुकीची बसवल्यासारखी चाल कशी केली असेल? नटी उलटी, मागे मागे चालली आणि चित्रफीत उलटी फिरवली. संगणक लागला नाही. पण आज ते दृश्य बघताना मला चालीपेक्षा त्या संचाचंच जास्त नवल वाटतं. 1998 मध्ये ती पेटी प्रत्येक घरातली सगळ्यात विश्वासाची वस्तू होती. देवघर एका कोपऱ्यात, टीव्ही दुसऱ्या. भुताने पडका वाडा सोडला आणि दिवाणखान्यात बिऱ्हाड थाटलं.

आपल्याकडे 2009 च्या '13बी'मध्ये माधवनच्या नव्या फ्लॅटात तेच बिऱ्हाड सापडतं. घरातल्या बायका बघतात ती मालिका आणि घरात घडणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळू लागतात, आणि त्याच्या मोबाइलवर त्या घरात काढलेला फोटो तेवढा वेडावाकडा येतो. 2011 च्या 'रागिणी एमएमएस'मध्ये आडबाजूचं घर छुप्या कॅमेऱ्यांनी भरलेलं आहे. त्या हिंदी सिनेमातली हडळ बोलते ती मराठी. हा मान आपल्या भाषेला का मिळाला, यावर स्वतंत्र मनन करता येईल.

मग 2020. टाळेबंदी. इंग्लंडमध्ये रॉब सॅव्हेज या दिग्दर्शकाने 'होस्ट' नावाचा जेमतेम तासाभराचा सिनेमा केला, कल्पनेपासून हातात येईपर्यंत बारा आठवड्यांत. सगळा झूमच्या बैठकीवर. मैत्रिणी-मित्र आपापल्या घरी, दिग्दर्शक आपल्या घरी, आणि दिवे लावण्यापासून खुर्ची ओढण्याच्या दोरीपर्यंत बरंचसं नटांनी स्वतः केलेलं. गंमत म्हणून मृतात्म्याला बोलवायची बैठक बसते.

यातल्या दोन जागा हळू वाचा. एका मुलीने आपल्या मागे खोट्या पार्श्वभूमीऐवजी स्वतःचाच व्हिडिओ लावलाय, मागच्या दारातून ती खोलीत येतेय असा, पुन्हा पुन्हा फिरणारा. सुरुवातीला सगळे हसतात. पुढे ती मुलगी चौकटीतून गायब होते, आणि मागे तीच मुलगी येत राहते, येत राहते. दुसरी जागा चेहऱ्यावर मुखवटा चढवणाऱ्या फिल्टरची. तो फिल्टर चेहरा शोधतो आणि सापडला की त्यावर चित्र चिकटवतो. त्याला कॅमेऱ्यासमोर मोकळ्या हवेत चेहरा सापडतो.

या दुसऱ्या जागेवर बसा थोडं. इथे भूत दाखवलेलंच नाही. भूत *ओळखलं* गेलंय, आणि ओळखलं आहे एका बिनडोक प्रणालीने, जिला घाबरणं ठाऊक नाही आणि खोटं बोलण्याचंही कारण नाही. पूर्वी भूत आहे असं सांगायला कुत्रा भुंकायचा, नाहीतर तान्हं मूल कोपऱ्याकडे टक लावून बघायचं. ते काम आता फोन करतो. फोटोंत आपोआप चेहरे हुडकून 'हे कोण?' असं विचारणारी सोय तुम्ही वापरलीच असेल. तिने कधीतरी भिंतीवरच्या डागाला किंवा गणपतीच्या मखरातल्या वेलबुट्टीला चेहरा समजून तोच प्रश्न विचारला असेल. आपण हसून पुढे गेलो. 'होस्ट' पाहिल्यावर तितक्या सहज पुढे जाता येत नाही.

इथवर यंत्राने दाखवणं कमी केल्याची गोष्ट झाली. त्याच यंत्राची दुसरी वाट नेमकी उलट जाते. संगणकाला वाटेल ते चितारता येतं, आणि वाटेल ते चितारता आलं की ते दाखवायचा मोह आवरत नाही.

तात्या विंचू आठवा. 1993 चा 'झपाटलेला', रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. बाहुला बोलक्या बाहुल्यांचाच, जबडा वर-खाली होणारा, कातडी लाकडासारखी. त्याच्या हालचालीत एक ओढाताण दिसायची आणि लहान मुलं त्या ओढाताणीलाच भ्यायची. तो खरोखर त्या खोलीत होता, लक्ष्मीकांत बेर्डे खरोखर त्याच्या शेजारी होते. आता 2024 चा 'मुंज्या' घ्या. आदित्य सरपोतदारांनी कोकणातलं, पिंपळावरचं, आपल्या आजीच्या तोंडचं भूत उचललं आणि संपूर्ण संगणकावर उभं केलं. ते उड्या मारतं, वेडावतं, त्याचं पिंपळाच्या मुळासारखं अंग झकास जमलंय. मी भरपूर हसलो. भ्यालो मात्र नाही, आणि सिनेमाला तेच हवं असावं. पण पूर्ण उजेडात इतका वेळ समोर नाचणाऱ्या मुंज्यासाठी प्रेक्षकाला काहीच काम उरत नाही. त्याचा पहारा सुटतो, तो सुट्टीवर जातो.

संगणक वाईट, हाताने केलेलं चांगलं, असा सोपा निवाडा मात्र मला पटत नाही. 2013 च्या 'मामा'मधली ती लांबलचक हातापायांची आई बघून लोकांनी 'ग्राफिक्स ओळखू येतं' अशी नाकं मुरडली. ती हावियेर बोतेत हा स्पॅनिश नट होता. त्याला मार्फान नावाचा आजार आहे. त्यामुळे त्याची उंची, बोटं, सांधे आपल्यासारखे नाहीत, आणि त्या शरीराने तो जे करतो ते खरोखर करतो. गंमत बघा: यंत्रांनी इतकं खोटं दाखवून ठेवलं की खरं शरीर समोर आलं तरी आपल्याला ते संगणकाचं वाटतं. पूर्वी प्रश्न असायचा, हे खरं असेल का? आता आपण आधीच उत्तर देऊन मोकळे होतो. भीतीला जी फट लागते ती यानेही बुजते.

'तुंबाड' ती फट कशी राखतो ते पाहा. राही अनिल बर्वे यांचा हा 2018 चा सिनेमा, नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा घेतलेला. त्यातला पाऊस खरा आहे. त्यासाठी एकाहून जास्त पावसाळे थांबून चित्रण केलं गेलं. संगणकाचं कामही त्यात भरपूर आहे. पण आधी अर्धा सिनेमा आपण ओल बघतो. वाड्याच्या भिंतींची ओल, कपड्यांची, केसांची, कंदिलाच्या काचेवरची. कॅमेरे आता इतके संवेदनशील झालेत की पावसाळी दुपारचा मळकट उजेड आणि एखादी वात एवढ्यावर चित्र निघतं. रामसेंच्या हिरव्या दिव्यांची गरज संपली. तंत्र पहिल्यांदा वापरलं ते ओल दाखवायला, हस्तर हा त्यातला राक्षस नंतर. तोवर त्या वाड्यावर आपला पुरता विश्वास बसलेला असतो. मग पिठाची बाहुली हातात घेऊन विहिरीत उतरणाऱ्या माणसाबरोबर आपणही उतरतो. 2024 मध्ये हा सिनेमा पुन्हा थिएटरांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. तेही पटतं, कारण तो काळोख मोबाइलवर मावत नव्हता.

मावत नव्हता हे अगदी शब्दशः. रात्री अंथरुणात पडून फोनवर एखादा भयपट लावा आणि या वेळी नटांकडे बघू नका, काळ्या भागाकडे बघा. इंटरनेटवरून चित्र पाठवताना ते लहान लहान चौकोनांत कापतात, आणि जिथे फारसा फरक दिसत नाही तिथले बारकावे टाकून देतात, म्हणजे डेटा कमी लागतो. अंधाऱ्या भिंतीत फरक कमीच असतो. म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावर. काळ्यातल्या काळ्याच्या पन्नास छटा करणाऱ्या छायालेखकाची मेहनत तीन-चार पट्ट्यांत उरते, आणि बोळातला अंधार गाळासारखा हलताना दिसतो. त्या हलणाऱ्या ठिगळांत आपण एखादा चेहरा शोधतोही. पण तो दिग्दर्शकाने ठेवलेला नसतो.

वर फोन मधेच टिणटिणतो. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीचा वाद पेटलेला असतो. दाराकडे लावलेली नजर सुटली की दार नुसतं दार राहतं. हे निर्मात्यांनाही कळतं, म्हणून दर काही मिनिटांनी कानठळ्या बसवणारा धक्का घालून लक्ष परत खेचून आणायचा उद्योग चालतो. याला भयपट म्हणावं की अलार्म, ते तुम्ही ठरवा. जिचा पाया प्रेक्षकाची एकाग्रता आहे, ती कला एकाग्रता मोडणाऱ्या वस्तूवर बघायची, ही अडचण यापुढच्या प्रत्येक दिग्दर्शकापुढे आहे.

शेवटचा मुद्दा आवाजाचा. तो सिनेमाच्या थोडा बाहेर जातो, तिथेही जाऊ.

कोकणात जुनी माणसं सांगत: रात्री बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. आवाज ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर जास्तच. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील. दुसरं काही असेल तर त्याला पुन्हा हाक मारता येत नाही. आम्ही हे हसण्यावारी नेलं, शहरात आलो, बेल लावली, इंटरकॉम लावला.

आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कुणाचाही आवाज हुबेहूब घडवता येतो. मुलाच्या आवाजात फोन येतो, अपघात झालाय, पैसे पाठवा. ही फसवणूक पडद्यावरची नाही. ज्या आवाजाला आपण अंधारात 'आलो गं' म्हणत आलो, तो आवाजच आता पुरावा राहिला नाही. मुखवटा, रक्त, विहीर, काही नसलेला, फक्त ओळखीच्या हाकेवर उभा राहिलेला मोठा भयपट अजून मी पाहिलेला नाही. मराठीत तो लिहायला लागणारी निम्मी सामग्री आजीने तयार ठेवली आहे.

आता मनातल्या मनात एक आवाज आणा. ज्या माणसाच्या पहिल्या हाकेला तुम्ही विचार न करता ओ द्याल, त्याचा. तो तुमचं नाव कसं घेतो, कुठल्या अक्षरावर ओढतो, ते नीट ऐका. मग त्या माणसाबरोबर ठरवायचा एक शब्द निवडा, फोनवर खात्री करून घेण्यासाठी. वाढदिवस, गावाचं नाव, कुत्र्याचं नाव असलं काही नको. आणि तो शब्द त्यांना मेसेजवर पाठवू नका. रात्री जेवायला एकत्र बसाल तेव्हा तोंडी सांगा.